अनाथ त्सुनामी

किनाऱ्यावर भूकंप जाणवलेला नसताना येऊन आदळलेली, आणि म्हणून जिच्या जनक भूकंपाचा तत्कालीन नोंदींत माग लागत नाही अशी त्सुनामी. हिचे सर्वांत पक्के उदाहरण जपानच्या पूर्व किनाऱ्यावर गेन्रोकु या जपानी कालखंडाच्या १२ व्या वर्षी बाराव्या महिन्यात, म्हणजे जानेवारी १७०० च्या अखेरीस घडले. कुवागासाकी येथे लाटेने तेरा घरे नेली आणि पाठोपाठ लागलेल्या आगीत वीस जळाली. मिहो गावच्या मुखियाने म्हाताऱ्याकोताऱ्यांना व मुलांना देवळाकडे धाडले. धरणीकंप झालेला नसताना समुद्र पुनःपुन्हा का चढतो, हे कोडे त्याने लिहून ठेवले. ते सुटायला जवळपास तीनशे वर्षे लागली.

उत्तर पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर होते. व्हँकूव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे १,००० किमी. लांबीच्या कॅस्केडिया पट्ट्यात हुआन द फुका भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकतो. तेथे मोठ्या भूकंपाची लेखी नोंद नसल्याने ही हालचाल संथ व निरुपद्रवी असावी, असे १९८० च्या दशकापर्यंत अनेकांचे मत होते. भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या खाड्यांमधील पुरावा प्रसिद्ध केल्यावर ते मागे पडले.

हा पुरावा ओहोटीच्या वेळी खाडीच्या कापलेल्या काठात उघडा पडतो. तळाशी खाजणातील गवताची काळपट, मुळांनी विणलेली माती. तिच्यावर लाटेने आणलेल्या वाळूचा पातळ पापुद्रा. आणि वर भरतीने आणून टाकलेला करडा चिखल. काही ठिकाणी गवताची पाती वाळूत उभीच्या उभी टिकली आहेत, म्हणजे जमीन खचणे आणि वाळू येणे यांत फारसे अंतर नव्हते. दोन भूपट्ट अडकून असताना किनारा हळूहळू वर उचलला जातो व ताण सुटताच एकदम खाली बसतो. येथे तो काही ठिकाणी १ ते २ मी. बसला, खारे पाणी आत शिरले आणि लाल सीडारची जंगले उभ्या उभ्या मेली. कोपालिस नदीकाठचे असे करडे, निष्पर्ण खोड-वन ‘भुतांचे जंगल’ म्हणून ओळखले जाते.

कालनिश्चिती टप्प्याटप्प्याने झाली. रेडिओकार्बन पद्धतीने अंदाजे १६८० ते १७२० ही मुदत मिळाली. १९९६ मध्ये केंजी साताके व सहकाऱ्यांनी जपानी नोंदींवरून, लाटेच्या प्रवासाचे सुमारे दहा तास वजा करून, २६ जानेवारी १७०० रोजी रात्री नऊच्या सुमाराची वेळ सुचवली. पुढच्याच वर्षी सीडारच्या मुळांतील वार्षिक वलयांनी तिला दुजोरा दिला : शेवटचे वलय १६९९ चे असून झाडे ऑगस्ट १६९९ ते मे १७०० या काळात मेली. भूकंपाची महत्ता (मॅग्निट्यूड) सामान्यतः ८.७ ते ९.२ धरली जाते. सारा पट्टा एकाच वेळी फाटला, की थोड्या अंतराने अनेक लहान भूकंप झाले, याबद्दल मतभेद आहेत. जपानी लाटांची उंची पाहता पहिला पर्याय अधिक संभवनीय वाटतो. वलयांच्या पुराव्यात मात्र काही महिन्यांची सवड उरतेच.

वाळूचा थर दिसला की त्सुनामी, असे समीकरण मांडता येत नाही. वादळी लाटाही वाळू आत नेतात. थर जमिनीच्या बाजूस पातळ होत जाणे, त्यात सागरी डायाटम (करंडक वनस्पती) सापडणे आणि त्याच पातळीवर जमीन खचल्याची खूण असणे, या गोष्टी एकत्र आल्या तरच निष्कर्ष भक्कम मानतात. किनारा खचला नसेल तेथे यांतील शेवटची खूण अर्थातच मिळत नाही.

कोकणातील केळशी (ता. दापोली) येथील वाळूच्या थराबाबत नेमकी हीच अडचण आहे. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या परिसरात असताना वारा नसूनही समुद्र हादरल्याचे पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. सी. पी. राजेंद्रन व सहकाऱ्यांनी केळशीच्या थराचा या घटनेशी संबंध जोडून त्या त्सुनामीसही ‘अनाथ’ म्हटले आणि पाकिस्तान-इराण किनाऱ्यालगतच्या मक्रान पट्ट्याकडे संभाव्य उगम म्हणून बोट दाखवले. कॅस्केडियाइतकी नेमकी कालनिश्चिती येथे झालेली नसल्याने हा संबंध तूर्त संभाव्य समजणे बरे. मक्रानची लाट या किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकते, एवढे नोव्हेंबर १९४५ च्या भूकंपानंतर मुंबईत दिसले आहे.