पिकअपचं इंजिन टिकटिकतंय? खोलायला सांगण्याआधी हे वाचा

"मिस्त्री, गाडी टिकटिक करता हा, जरा बघा." देवगडात आंब्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या गॅरेजमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. पेट्या भरायच्या असतात, रात्री वाशीसाठी निघायचं असतं आणि नेमका तेव्हाच बॉनेटखालून आवाज येऊ लागतो. मालकाच्या मनात पहिली धास्ती एकच असते, इंजिनचं काम निघालं! बहुतेक वेळा तसं नसतं. टिकटिक कुठून येते हे आधी नीट ऐकलं तर पुष्कळदा थोडक्यात भागतं, म्हणून हे पत्रक.

डिझेल इंजिन मुळात आवाज करणारच. कॉमन रेलच्या गाडीत (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची बारीक, एकसारखी टिकटिक नवीन गाडीलाही असते. ती दुरुस्त करायची नसते. काल नव्हता आणि आज आहे, असा आवाज आला तर लक्ष द्या.

सगळ्यात आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर वरच्या भागाला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकर-टॅपेटला, ऑइल पुरेसं पोचत नाही आणि तिथूनच टिकटिक सुरू होते. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलंही चालत नाही. फिरणारा क्रँक (इंजिनचा खालचा मुख्य दांडा) ते घुसळतो, ऑइलात हवा मिसळते आणि ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने आपली फट आपणच जुळवणारे) असतात त्यांत तर आवाज वाढतोच. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढचं गाव गाठायच्या भानगडीत पडू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

ऑइल ठीक असेल तर पुढचा प्रश्न असा, की आवाज येतो कधी?

सकाळी थंड इंजिनला मोठा येतो आणि थोडं चालल्यावर नाहीसा होतो, असं असेल तर आमचा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांवर. त्याचं पॅकिंग फुंकलेलं असतं किंवा तो आवळून धरणारा स्टड (बोल्ट) तुटलेला असतो, आणि त्या फटीतून धूर टिक-टिक करत सुटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज बंद. आपल्या किनाऱ्यावर हे जास्त दिसतं. स्टड रोज तापतात, निवतात आणि वर खारी हवा. मासळीच्या गाड्यांना तर बर्फाचं खारट पाणीही सोसावं लागतं. दोन हंगामांमागे एक गाडी आमच्याकडे आली, तिचं हेड (इंजिनचा वरचा भाग) दुसरीकडे खोलून पुन्हा बसवलेलं होतं, तरी टिकटिक तशीच. आम्ही मॅनिफोल्डच्या कडेने टॉर्च फिरवला. मागच्या टोकाला बोटभर लांबीचा काजळीचा काळा पट्टा, आणि तिथल्या स्टडचं डोकंच नव्हतं. तुटका स्टड काढून नवा बसवला, पॅकिंग बदललं, आवाज गेला. हेडवर झालेला खर्च मात्र त्या मालकाचा वाया गेला, आणि आम्हाला आजही त्याचं वाईट वाटतं.

इंजिन गरम झाल्यावरही आवाज तसाच राहतो, वरून येतो आणि रेस वाढवली की वाढतो, तर टॅपेट. टॅपेट हलवणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणून आयडलला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर एक सैल टॅपेट मिनिटाला 400 वेळा वाजतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेड कव्हरवर आणि मूठ कानाला लावून कुठला वाजतोय ते कळतं (पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून). मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून कंपनीने दिलेल्या मापाला सेटिंग करायचं. इथे एक विनंती आहे. "आवाज पूर्ण बंद करा" असा हट्ट धरू नका. गरजेपेक्षा आवळलेला टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही आणि तो जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, मुका आवळलेला परवडत नाही. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंगचा प्रश्नच नसतो. स्टार्ट केल्यावर ते काही सेकंद वाजले तर चालतं, वाजतच राहिले तर गाडी दाखवा.

टिकटिकीबरोबर फस्-फस् येतंय, केबिनमध्ये धुराचा वास येतोय आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचलाय, तर तांब्याचा वॉशर गेला. तो लवकर बदला. उशीर केला तर कार्बनमुळे इंजेक्टर हेडमध्ये चिकटून बसतो आणि काढताना हाल होतात. कुठला सिलिंडर ते शोधायला चालू इंजिनवर इंजेक्टरचे पाइप ढिले करायची जुनी पद्धत कॉमन रेलच्या गाडीवर कुणालाही करू देऊ नका. आतला दाब हजार बारच्या वर जातो, तो डिझेलचा फवारा कातडीच्या आत शिरतो.

आणि आवाज टिकटिक नसून खालून येणारी जड ठकठक असेल, फोंडाघाट चढताना भरलेल्या गाडीत वाढत असेल, तर ते बेरिंगचं लक्षण. तशी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा. जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध ओतून तो आवाज काही दिवस दबतो, झीज थांबत नाही. आम्ही ते ओतत नाही.

मासळीच्या गाड्यांनी स्टड आणि सायलेन्सरची कामं 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत काढावीत, तेव्हा आम्हालाही निवांत वेळ असतो. दाखवायला येताना शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवून या, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलेला असेल तर उत्तम. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे लावून जा. सकाळचा पहिला स्टार्ट आम्हीच मारू, थंड इंजिनचा आवाज आमच्या कानांनी ऐकू.