निवडून आला, पण बाकावर बसला नाही

आपल्याकडे नोटरी म्हटलं की कोर्टाबाहेरचं टेबल, शिक्का आणि प्रतिज्ञापत्र. स्पेनमध्ये १८६२च्या कायद्याने या माणसाला फार मोठं वजन दिलं. खरेदीखत, मृत्युपत्र, लग्नाचा करार त्याच्यासमोर झाला की तोच पुरावा. ही जागा अवघड स्पर्धा परीक्षेतूनच मिळे. स्पेनमधले विचारवंत आणि सुधारक होआकिन कोस्ता यांना ती चाळिशी उलटल्यावर मिळाली. आधी ग्रानादा, मग हाएन, शेवटी माद्रिद.

त्यांचा जन्म १८४६चा, ईशान्य स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या मोनसोनचा. शेतकऱ्याचा मुलगा, वाढला ग्राउस या लहानशा गावात. वेस्का शहरात मोलमजुरी करत शिकला, १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात कारागीर म्हणून जाऊन आला. स्नायू झिजवणारा आजार तरुणपणीच जडला, तरी दोन डॉक्टरेट मिळवल्या. वरच्या आरागोनमधल्या रूढींचा त्यांचा अभ्यास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिथे घर-जमीन फुटू नये म्हणून एकच वारस नेमत आणि लग्नाच्या करारातच बाकीच्यांची सोय लिहून ठेवत. कायदा गावात आधी जगला जातो, कागदावर नंतर येतो, हे कोस्तांना तिथे दिसलं.

कागद आणि वस्तुस्थिती यांतली फट राजकारणात मात्र भयंकर होती. १८७६च्या राज्यघटनेखाली दोन पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत. १८९०मध्ये सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला, तरी निकाल मतदानाआधीच गृहमंत्रालयात ठरे आणि ‘कासिके’, म्हणजे गावोगावचे पुढारी, तो घडवून आणत. (हा प्रकार आपल्याला समजावून सांगावा लागू नये.) १८९८मध्ये अमेरिकेकडून हार झाली, क्यूबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स या वसाहती गेल्या आणि कोस्तांचा आवाज देशभर पोचला. मागणी साधी: शाळा आणि भरलेलं कोठार. त्यासाठी कालवे. १९०१मध्ये माद्रिदच्या आतेनेओ या संस्थेत त्यांनी मांडलं की देशाची खरी शासनपद्धती मूठभरांची सत्ता आणि कासिकेशाही हीच आहे.

१९०३मध्ये ते प्रजासत्ताकवाद्यांकडून संसदेवर निवडून आले, पण जागा घेतलीच नाही. खोट्या दस्तावर सही करायला नकार देणाऱ्या नोटरीला हे शोभणारंच होतं. पुढच्या वर्षी ते ग्राउसला परतले. १९०८मध्ये दहशतवादविरोधी विधेयकाला विरोध नोंदवायला मात्र आजारी शरीर घेऊन माद्रिदच्या संसद भवनात आले.

कोस्ता ८ फेब्रुवारी १९११ रोजी वारले. सरकारला त्यांचं दफन माद्रिदमध्ये करायचं होतं. पण वाटेत आरागोनची राजधानी सारागोसा इथल्या लोकांनी पार्थिव पुढे जाऊ दिलं नाही. देशाला ‘पोलादी शल्यविशारद’, म्हणजे रोग कापून काढणारा खंबीर नेता हवा, हे त्यांचं जुनं वाक्य १९२३मध्ये लष्करी हुकूमशहा प्रिमो दे रिवेरा यांच्या समर्थकांनी उचललं. बंडखोर नोटरीचा वारसा असा बराकीत गेला.