काडतुसाची पुंगळी

काडतुसात दारू, टोपी (ठिणगी देऊन दारू पेटवणारी छोटी वाटी) आणि गोळी किंवा छर्रे एकत्र धरून ठेवणारी नळी. बार उडाल्यावर हातात उरते ती हीच. रायफलीची पुंगळी बहुधा सबंध पितळी असते; बाराबोरची (छर्र्यांच्या बंदुकीची) हल्ली बुडाशी धातूची आणि वर प्लॅस्टिकची असते. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून, मापात आणून पुन्हा भरणे हा काही देशांत घरगुती छंद आहे. भारतात परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो (खाली पाहा).

‘काडतूस’ हा शब्द इंग्रजी ‘कार्ट्रिज’वरून आला असे काही मानतात. परंतु इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या ‘ज’चा मराठी रूपात मागमूस नाही. पोर्तुगीज ‘कार्तुशो’ ध्वनीने अधिक जवळचा आहे, आणि पिस्तूल हा शब्दही त्याच वाटेने आल्याचे सामान्यतः मानले जाते. हिंदुस्थानी ‘कारतूस’ मधल्या टप्प्यावर असावा. ‘पुंगळी’ मात्र घरचाच शब्द.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त. चकतीतून ओढत ओढत नळी घडवताना धातू कठीण होतो, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावा लागतो. बूड कठीण आणि मान (गोळी धरणारे वरचे टोक) मऊ राहायला हवी. नव्या पुंगळीच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक हा डाग नसून त्या शेवटच्या तापवण्याची खूण असते. बार होताच पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीतील घराला (काडतूस बसते त्या जागेला) चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आक्रसते. रायफलीत हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या आसपास जातो. म्हणूनच बुडाचे पितळ तापवून मऊ करणे जिवावर बेतू शकते.

पितळाचा एक दोष हिंदुस्थानातच प्रथम ठळकपणे नजरेस आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, किंवा थोडे नंतर, ब्रिटिश फौजेची साठवणीतली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. त्याला ‘मोसमी तडा’ असे नाव पडले आणि दोष हवामानाला दिला गेला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी दिलेला उलगडा अधिक पटणारा आहे: दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, आणि दमट हवेत तो पितळात घडणीतून उरलेल्या ताणाशी मिळून धातूच्या कणांच्या सीमांवरून तडा पाडी. ताण घालवण्यासाठी घडवलेली पुंगळी मंद आचेवर तापवणे हा उपाय पुढे रूढ झाला. पाटण, जावळीसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यांत, गोठा घरालाच लागून असेल तेथे, हा धडा आजही लागू आहे. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत धोका कमी.

पुनर्भरणाच्या तयारीत जुनी टोपी काढणे, काजळी धुणे, डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मापात आणणे आणि लांबलेली मान कापणे ही कामे येतात. टोपी बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्याने टोपी आतून सुईने निघते. बर्डन पद्धतीत दोन छिद्रे कडेला असल्याने सुई अडते. (बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, वापर मात्र उलट झाला: अमेरिकेत बॉक्सर, युरोपात बर्डन.) चिंचेने तांब्या उजळतो तशी आम्लाने पुंगळीही उजळते, पण फार वेळ भिजल्यास जस्त निघून जाऊन गुलाबी झाक येते. अमोनियाचे पॉलिश वर्ज्य. बुडाच्या किंचित वर उजळ कडे दिसले आणि वाकवलेल्या तारेचे टोक आतून फिरवताना खाचेत अडले, तर ती पुंगळी मोडीतच जावी.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात, आणि कलम ५ नुसार निर्मितीला परवाना लागतो. पिकाच्या राखणीसाठी कलम १३ मध्ये ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीचा उल्लेख आहे. रानडुकरांचा उपद्रव असलेल्या शिराळा, पाटण भागांत ही तरतूद महत्त्वाची. ठासणीला पुंगळी लागतच नाही. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या फौजींच्या गावात कोणी आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळी जपली, तर तिचा विचार कलम ४५ मधील किरकोळ भागांच्या सवलतीखाली होऊ शकतो; मात्र पूरक भागांसह ती वापरण्याचा हेतू असल्यास ही सवलत मिळत नाही.