नव्वद दिवसांत कैफियत आली नाही, म्हणजे दावा जिंकला का?

जमिनीच्या वाटपाचा दावा टाकलेले लोक बोटावर दिवस मोजत बसतात. समन्स बजावून नव्वद दिवस झाले, प्रतिवादीने लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही, आता हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निर्णय) आपलाच, असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं. हे खरं नाही, आणि या समजुतीवर विसंबून लोक पुरावा गोळा करायचं सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियत देण्याची मुदत ३० दिवसांची आहे, कारणं नोंदवून ती ९० पर्यंत वाढते. पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केलं की साध्या दाव्यांत ही मर्यादा निर्देशात्मक आहे, म्हणजे काटेकोर बंधनकारक नाही. सबळ कारण असेल तर न्यायालय ९० दिवसांनंतरही कैफियत घेऊ शकतं. रोजनाम्यात (न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘विना कैफियत’, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा, हुकूम झाला तरी प्रतिवादी तो रद्द करण्याचा अर्ज देतो, कारण पटलं तर न्यायालय खर्च बसवून तो मंजूरही करतं.

कैफियत कधीच आली नाही तरी न्यायाधीश वादीला शपथपत्र, सातबारा, फेरफार मागू शकतात. वादपत्रातच खोट असेल तर दावा फेटाळलाही जातो.

व्यापारी दाव्यांचं मात्र वेगळं. तिथे १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्क जातोच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाने यावर शिक्कामोर्तब झालं. बहुधा तिथला नियम ऐकून लोक तो भावकीच्या दाव्यालाही लावतात.