ऑक्सिटोसिन आणि नरवानरांचे सामाजिक वर्तन

ऑक्सिटोसिन हे मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात तयार होणारे, नऊ अमिनो आम्लांच्या साखळीचे छोटेसे संप्रेरक आहे. पीयूष ग्रंथीच्या मागच्या खंडातून ते रक्तात मिसळते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावणे आणि बाळ दूध ओढू लागताच आईला पान्हा फुटणे ही त्याची फार आधीपासून माहीत असलेली कामे. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूष ग्रंथीच्या अर्काचा गर्भाशयावर होणारा परिणाम नोंदवला. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये हे संप्रेरक प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हायपोथॅलॅमसमधील काही चेतापेशींचे तंतू मेंदूच्या इतर भागांतही पोचतात आणि तेथेच ऑक्सिटोसिन सोडतात. माकडे, चिंपँझीसारखे कपी आणि माणूस या नरवानरांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना हा दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो.

सामाजिक वर्तनाशी त्याचा संबंध आधी मेंढ्यांमध्ये आणि जोडीने राहणाऱ्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यात दिसला. पण तेथील निष्कर्ष जसेच्या तसे माकडांना लावता येत नाहीत. उंदीर एकमेकांना मुख्यतः वासावरून ओळखतात, तर माकडे चेहरा आणि नजर यांवरून. ऱ्हीसस माकडाच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे ग्राही (ज्यांना चिकटून संप्रेरक आपला परिणाम घडवते ते पेशींवरील रेणू) शोधले, तेव्हा ते लक्ष आणि नजर यांचे नियंत्रण करणाऱ्या भागांत ठळकपणे आढळले. नरवानरांमध्ये या संप्रेरकाचा प्रभाव बराचसा पाहण्याच्या क्रियेतूनच पडत असावा, याला या शोधाने बळकटी दिली.

ऱ्हीसस माकडांत रोखून पाहणे म्हणजे धमकी. त्यामुळे कोणाकडे किती वेळ पाहायचे हा त्यांच्या टोळीत मानमरातबाचा प्रश्न असतो. ऑक्सिटोसिन हुंगवल्यावर या माकडांचा इतरांवरील सावध पहारा सैल पडतो, असे प्रयोगांत दिसले. एक-दोन आठवड्यांच्या पिल्लांना ते दिले असता समोरच्याकडे पाहून ओठ चटचटवण्यासारखे मैत्रीचे हावभाव वाढले. ड्यूक विद्यापीठातील २०१२ चा प्रयोग जास्त बोलका आहे. त्यात माकडाला फळांचा रस स्वतःला, शेजारच्या माकडाला की कोणालाच नाही, अशी निवड करायची होती. स्वतःला काही मिळणारच नसेल, तेव्हा ऑक्सिटोसिन दिलेली माकडे शेजाऱ्याला रस मिळेल असा पर्याय अधिक वेळा निवडू लागली. स्वतःचा वाटा पणाला लागला, की त्याच संप्रेरकाने स्वार्थी निवडीलाही जोर दिला. उदारपणा शिकवणारे रसायन असे त्याचे वर्णन या एका निकालानेच अपुरे ठरते.

रानातल्या चिंपँझींना इंजेक्शन किंवा फवारा देता येत नाही. युगांडातील बुडोंगो अरण्यात संशोधकांनी त्यावर चिकाटीचा उपाय काढला. एखादी घटना घडली, की काही वेळाने त्या चिंपँझीचे पानांवर पडलेले मूत्र गोळा करायचे आणि त्यातील ऑक्सिटोसिन मोजायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जिवलग सोबत्याबरोबर एकमेकांचे अंग निवडून, म्हणजे केसांतील मळ-किडे वेचून, झाल्यावर पातळी वाढलेली आढळली. तो सोबती नात्यातला होता की परका, याने फरक पडला नाही. फारशी जवळीक नसलेल्याबरोबर तेच केले, तर वाढ दिसली नाही. २०१४ च्या पुढच्या अभ्यासात अन्न वाटून खाल्ल्यानंतर पातळी अंग निवडण्यापेक्षाही जास्त आढळली. कोट दि'व्हारमधील ताई अरण्यात २०१७ चे निरीक्षण उलट दिशेने बोलते: शेजारच्या टोळीशी संघर्षाच्या आधी आणि संघर्ष चालू असताना ऑक्सिटोसिन चढलेले होते. आपल्यांना बांधून ठेवणे आणि परक्यांवर एकजुटीने चालून जाणे ही चिंपँझींच्या जीवनात एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत, आणि हे संप्रेरक दोन्हींत हजर असते.

नव्या जगातील, म्हणजे अमेरिका खंडांतील, अनेक माकडांत खुद्द रेणूच थोडा वेगळा आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत साखळीच्या आठव्या जागी ल्यूसिन हे अमिनो आम्ल असते, तर मार्मोसेट या छोट्या माकडात तेथे प्रोलिन हे दुसरे अमिनो आम्ल असते. मार्मोसेट जोडीने राहतात आणि पिल्ले वाहण्यात नरही वाटा उचलतो. त्यांना त्यांच्याच प्रकारचे ऑक्सिटोसिन दिल्यावर जोडीदार सोडून अनोळखी भिन्नलिंगी मार्मोसेटजवळ घालवलेला वेळ कमी झाला. नेहमीच्या सस्तन प्रकाराने तसे घडले नाही.

माणसाबाबत मात्र संयमाची गरज आहे. नाकातील फवाऱ्याने परक्यावरचा विश्वास वाढतो, असे २००५ मध्ये झुरिकच्या प्रयोगातून मांडले गेले आणि त्याला अफाट प्रसिद्धी मिळाली. २०२० मध्ये मोठ्या गटावर तो परिणाम पुन्हा मिळाला नाही. स्वमग्न मुलांवरील २०२१ च्या मोठ्या चाचणीतही सामाजिक वर्तनात भरीव सुधारणा दिसली नाही. त्या कुटुंबांच्या आशा लक्षात घेता, उत्साहाच्या भरात केलेले दावे किती महाग पडतात हे येथे जाणवते. फवाऱ्यातील किती भाग मेंदूत पोचतो, हा वाद मिटलेला नाही. रक्तातील पदार्थांना मेंदूत सहज शिरू न देणारा रक्त-मेंदू अडथळा हा रेणू फारसा ओलांडत नाही आणि रक्तात तो काही मिनिटांतच अर्ध्यावर येतो. मूत्रातील पातळीवरून मेंदूतील स्थिती थेट ठरवणेही धोक्याचे.

आणखी एक गुंता व्हेसोप्रेसिनचा. ऑक्सिटोसिनपेक्षा केवळ दोन अमिनो आम्लांनी वेगळे असलेले हे संप्रेरक त्याच्याशी इतके मिळतेजुळते आहे, की दोघेही एकमेकांच्या ग्राहींना चिकटू शकतात. ऱ्हीसस माकडांवरील २०१८ च्या अभ्यासात दोहोंचा परिणाम सारखाच दिसला: वरचढ माकडे सौम्य झाली, दबलेली धीट झाली आणि त्यांच्यातील उच्चनीचतेची दरी कमी झाली. त्यामुळे ऑक्सिटोसिनच्या नावावर जमा असलेले काही परिणाम प्रत्यक्षात व्हेसोप्रेसिनच्या ग्राहींमार्फत घडत असण्याची शक्यता अभ्यासकांना गृहीत धरावी लागते.