तितराचंच पीस कशाला?

बडोद्यात आमच्या गळवाल्या मंडळींत एक समज घट्ट बसलाय: गळावर ‘सॉफ्ट हॅकल’ माशी (मऊ पिसाचं, किड्यासारखं नकली आमिष) बांधायची तर पीस तितराचंच हवं, आणि तेही भरपूर गुंडाळायचं. दोन्ही चूक. मूळच्या इंग्लिश माशीत तिथल्या तितराचं ठिपक्यांचं पीस असतं खरं, पण करामत मऊपणाची आहे. तंतू प्रवाहात हलतात, माशाला जिवंत किडा वाटतो. कोंबडीच्या मानेचं मऊ पीस तेच करतं. कोंबड्याचं ताठ पीस तरंगत्या माशीला. वेढे दीड-दोन पुरे, जास्त दिले की झाडूच होतो! शिवाय आपल्याकडचा रानतितर मारणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ही माशी मुळात ज्याच्यासाठी, तो ट्राउट मासा मात्र हिमालयात नाहीतर निलगिरी-मुन्नारच्या थंड पाण्यातच. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी भेटतील.