बिवा सरोवराचे काठसंवर्धन

बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर शिगा प्रांतात असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६७० चौ. किमी. आहे. त्याच्या काठावरील योशी या उंच गवताची बने, काठालगतची लहान तळी आणि माशांच्या विणीच्या उथळ जागा राखण्याचे व नष्ट झालेल्या पुन्हा उभ्या करण्याचे काम तेथील रहिवासी, मच्छीमार, शेतकरी आणि प्रांतिक शासन यांनी गेली अनेक दशके चालवले आहे. क्योतो-ओसाका परिसरातील सुमारे १.४ कोटी लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा हा आधार असल्यामुळे हा विषय शिगा प्रांतापुरता राहत नाही.

काठाची हानी दोन टप्प्यांत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अन्नधान्याच्या गरजेपोटी काठालगतची बहुतेक तळी उपसून तेथे भातखाचरे करण्यात आली. पुढे १९७२ ते १९९७ या काळातील व्यापक विकास प्रकल्पात पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठ्यासाठी किनाऱ्याच्या मोठ्या भागावर बांध व रस्ते झाले, आणि पाणी व जमीन यांच्यामधला दलदलीचा पट्टा अनेक ठिकाणी उरलाच नाही. १९५० च्या दशकात सुमारे २६० हेक्टर असलेली योशीची बने १९९२ च्या सुमारास निम्म्यावर आली होती.

लोकसहभागाची सुरुवात मात्र काठावरून नव्हे, तर घरातील मोरीतून झाली. १९७७ च्या वसंतात सरोवराचे पाणी सूक्ष्म शैवालाच्या बेसुमार वाढीने तांबूस झाले. फॉस्फरसयुक्त धुलाई-पावडर हे त्याचे एक कारण असल्याचे कळल्यावर शिगातील गृहिणींनी ती वापरणे सोडून साबणाकडे वळण्याची चळवळ उभारली. तिच्या बळावरच प्रांताने १९७९ मध्ये अशा पावडरींच्या विक्रीवर व वापरावर बंदी घालणारा नियम केला. तो १ जुलै १९८० रोजी अमलात आला. हा दिवस आता ‘बिवा दिन’ म्हणून पाळला जातो व त्या सुमारास हजारो लोक काठाची सफाई करतात.

योशी हे नळाच्या जातीचे, माणसाहून बरेच उंच वाढणारे गवत आहे. त्याच्या पाण्यातील दांड्यांमध्ये निगोरोबुना हा मासा अंडी घालतो, पक्षी घरटी करतात आणि लाटांचा जोर कमी होतो. छपरे शाकारण्यासाठी व पडदे विणण्यासाठी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात योशी कापत आले. कापणीमुळे वाळलेले दांडे दूर होतात आणि वसंतात नव्या कोंबांना ऊन मिळते. मागणी घटली तशी कापणी थांबली, बनांत विलो झाडे शिरली व योशी खुरटली. म्हणूनच १९९२ च्या योशी-संवर्धन नियमाने बनांना नुसते कुंपण न घालता राखणे, वाढवणे आणि वापरणे ही तीन उद्दिष्टे एकत्र मांडली, आणि हेच या कामाचे सर्वांत शहाणे अंग आहे. आता हिवाळ्यात स्थानिक मंडळे, शाळा व कंपन्यांचे कर्मचारी कारागिरांबरोबर कापणीला उतरतात. योशीपासून कागदही तयार केला जातो. नवी लागवड त्या मानाने अवघड असते, कारण लाटा कोवळी रोपे उखडून नेतात. त्यामुळे आधी लाटा अडवणारी कुंपणे उभारून मग रोपे लावली जातात.

हायासाकी येथील उपसलेल्या तळ्याच्या सुमारे १७ हेक्टर जमिनीत २००१ पासून पुन्हा पाणी सोडण्याचा प्रयोग सुरू झाला. काही शेतकरी निचऱ्याच्या चरांत पायऱ्यापायऱ्यांचे बंधारे घालून माशांना विणीसाठी भातखाचरांत येऊ देतात आणि अशा खाचरांतील तांदूळ वेगळ्या नावाने विकला जातो. मासेमारी व शेती यांच्या या सांगडीला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. २००९ मध्ये आकानोई उपसागरात आढळलेल्या लुडविगिया या परदेशी पाणवनस्पतीने मात्र नवे कष्ट वाढवले आहेत. तिच्या तुटलेल्या तुकड्यातूनही रोप उगवते, त्यामुळे यंत्राने काढणी झाल्यावर उरलेले तुकडे हाताने वेचावे लागतात.

स्वयंसेवकांच्या हाती नसलेला प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. सरोवराचे पाणी बाहेर नेणाऱ्या सेता नदीवरील बंधाऱ्याच्या १९९२ च्या नियमांनुसार पुराच्या भीतीने १६ जूनपासून पातळी कमी ठेवली जाते. नेमक्या विणीच्या हंगामात पाणी उतरवल्यामुळे योशीतील अंडी उघडी पडून वाळतात. अंड्यांचा काळ पाहून पाणी उतरवण्याचे प्रयोग झाले असले, तरी पूरसुरक्षा आणि माशांची वीण यांचा मेळ घालणे आजही अवघडच आहे.